मधल्या खोलीतली खाट

१४ सप्टेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाला, रोज लिहीत जा. उन्हाळ्यात लकव्याचा झटका उजव्या हाताला चाटून गेला, तेव्हापासून पाच बोटं वाटणी झालेल्या भावांसारखी वागतात, एकाचं एक ऐकत नाही. आधी दाबायला रबरी चेंडू दिला होता. दाबून दाबून मला चेंडूचाच राग आला. मग म्हणे लिहा. काय लिहू? म्हणे मनात येईल ते. माझ्या मनात येते ते लिहिलं तर कागद पेट घेईल.

नात मोनालीनं पांढुर्ण्याच्या संत्रा संघाची कोरी डायरी आणून दिली. पानापानावर संत्र्याचं चित्र. मी चौथीपर्यंत शिकले, मग बागेत संत्री निवडायला लागले. बोलताना 'मले' अन् लिहिताना 'मला', एवढं मात्र मास्तरच्या छडीनं पक्कं करून ठेवलं आहे. अक्षर मोठं येते, पान लगेच भरते. भरो. डायरी फुकटची आहे.

घर सौसरात, विहाराच्या मागच्या गल्लीत. रेल्वेच्या डब्यासारखं. समोर मोठी खोली, तिच्याच कोपऱ्यात सैपाक. मग बिनदाराची मधली खोली, तिथं माझी खाट, अन् तिच्या कडेनं परसात जायची चिंचोळी वाट. मागं मोकळं परस अन् संत्र्याचं एक झाड. दोन्ही बाजूला दुसऱ्यांच्या भिंती, त्यामुळे रुंदीला वाढणं नाही. मुलगा अंकुश नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर आहे. गावाला पाणी सोडतो, घरचा नळ गळतो. सून करुणा अंगणवाडीत. दोघं वर टिनाच्या माळ्यावर झोपतात, मोनाली समोरच्या खोलीत. घरात ज्याला जे ठेवायला जागा सापडत नाही ते माझ्या खोलीत येते. तुरीचं पोतं, हिवाळ्यात कूलर, उन्हाळ्यात रजया. मीही त्यातलीच.

करुणा सकाळी चहा घेऊन धावत येते. निवलेला चहा मी मोरीत ओतते, हे तिला लग्नानंतर आठ दिवसांतच समजलं होतं.

हात दुखला. बस.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोनालीच्या कामाचं लिहिते, म्हणजे मलाच समजेल.

समोरच्या खोलीत टीव्हीखाली एक काळा डबा आहे. संघाचा. संघाच्या ऑफिसात उंदरांनी वायरी कुरतडल्या, तेव्हापासून तो आमच्याकडे. दिवसभर घुं घुं करतो अन् त्यावर एक हिरवा दिवा काजव्यासारखा लुकलुकतो. कोणत्या शेतकऱ्याचा माल आला, वजन किती, फळ कसं, गाडीचा फोटो, सगळं त्यात जाते. मोनाली त्याची राखण करते.

ती म्हणते, डब्यात खरी मशीन एकच आहे, तिच्या आत आणखी तीन आहेत, मानलेल्या.

म्हटलं, "मानलेल्या म्हणजे? मानलेला भाऊ असते तशा?"

"हाव आजी, तशाच. हात लावायले नाई, पण काम सगळं करतात."

मानलेला भाऊ काम करताना मी तरी पाहिला नाही. पण दुपारी पडल्या पडल्या ती घरघर ऐकली की वाटते, भिंतीपलीकडे कोणी जातं फिरवून राहिलं आहे. बिनदाण्याचं जातं. झोप चांगली लागते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पांढुर्ण्याहून संघाचा सेक्रेटरी आला, भूपेंद्र नावाचा. बूट दाराबाहेर काढले, एवढं चांगलं केलं. बाकी तोंड कारल्यासारखं.

"मोनाली मॅडम, मशीन कल दो बार बंद पडली. हे नाही चालणार."

"सर, डिस्क भरली आहे. फोटो ठेवायले जागा नाही उरली. वाढवावी लागते."

"मग वाढवा. दसऱ्यानंतर अंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल सुरू होऊन राहिला. गाड्या उभ्या अन् मशीन बंद, तर शेतकरी मला झाडाला बांधतील." मग त्यानं डब्याकडे पाहिलं, डब्यावरच्या टीव्हीकडे पाहिलं, टीव्हीवर वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याकडे पाहिलं. "अन् हे असं? येताजाता लाथ लागेल. याला बंद खोली पाहिजे. मीटिंगमध्ये नागपूरच्या कंपनीचं नाव निघून राहिलं, सांगून ठेवतो."

म्हटलं, "साहेब, कंपनीवालेही लुगडी वाळत घालत असतील."

तो हसला नाही. करुणानं चहा दिला, तो पिऊन गेला.

काम गेलं तर मोनाली पुण्याला जाईल. तिची मैत्रीण केतकी कधीची बोलावून राहिली. जाईना. पुण्याला काय माणसं राहत नाहीत? टीव्ही मोठ्यानं लावता येईल. डब्याची घरघरही जाईल.

आज हात फार थरथरला. हवा बदलली असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी डोळा लागला अन् आमचं घर मागं मागं वाढत गेलं. खोलीमागं खोली. सगळ्या खोल्यांत कोवळं ऊन अन् जमिनीवर संत्री मांडलेली, एकाला एक न लागता. मी पाय जपून ठेवत चालून राहिले, भिंत येईचना. पुढं कोणाचा तरी पांढरा सदरा दिसत होता. सुखदेव असेल. माझा नवरा, जाऊन खूप वर्षं झाली. हाक नाही मारली. जिवंतपणीही त्याला पहिल्या हाकेत ऐकू येत नसे.

स्वप्नाचं काही खरं नाही. पण आज लिहायला दुसरं काही घडलंच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

मोनाली सकाळपासून डब्यापुढं. मी तिच्यामागं खुर्ची टाकून बसले. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी, रात्रीच्या पाण्यावर कोणी तांदूळ फेकावे तशा.

"झाली का मोठी?"

"बाहेरून झाली आजी. मी जागा वाढवून देली. पण आतल्या मशीनले मालूमच नाई. तिले वाटते आपण अजून तेवढेच आहो."

"तुझ्या बापासारखी. पगार वाढला, चप्पल तीच."

माळ्यावरून अंकुश म्हणाला, "माय, मी ऐकून राहिलो."

"ऐकाले कान वाढले, बरं झालं."

मोनालीनं कागदावर एक लांब पट्टी काढली. तिचे भाग केले. पहिला मोठा भाग भरलेला, त्यात मशीनचा सगळा संसार. शेवटी मोकळी जागा, नवी. अन् दोघांच्या मध्ये एक लहान चौकोन.

"हे काय?"

"हे स्वॅप. मशीनचं डोकं भरलं की हातातलं सामान थोडा वेळ इथं टाकते. आपली अडगळीची खोली समज."

"कामाची आहे का?"

"आहे. पण रोज नाई लागत." तिनं पेन्सिल दातात धरली. "अन् बसली नेमकी मधात. पुढची मोकळी जागा दिसून राहिली, पण हिच्यामुळं मोठीले तिकडं सरकता येत नाई. चिकटून असल्याशिवाय वाढतच नाई ते."

"मग?"

"मग हिले काढाची. मोठीले वाढवाची."

पुढं ती आणखी काही बोलली, पण मी कागदाकडे पाहत होते. समोरची मोठी. मागं मोकळं परस. मधात लहान चौकोन, दुसऱ्यांच्या सामानानं भरलेला.

मला हसू आलं. आमचं घर कोणी मशीनीत नेऊन ठेवलं?

मोनाली म्हणाली, "कायले हसून राहिली?"

म्हटलं, "काही नाई. चहा टाक."

२२ सप्टेंबर, सोमवार

अंकुश संध्याकाळी परसात टेप घेऊन फिरत होता. झाडापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून मोरीपर्यंत. विचारलं तर म्हणे, "काही नाई माय, असंच." याचं असंच फार आहे. मोटरसायकलसाठी शेड टाकत असेल.

जेवताना मोनाली म्हणाली, बंद खोली पाहिजे, सर दसऱ्याच्या आधी पाहायला येणार. अंकुशनं माझ्या खोलीकडे पाहिलं अन् लगेच ताटात पाहिलं. करुणा म्हणाली, "पाहू काहीतरी." मग तिघंही वरण वाढून घेऊ लागले. वरणाला एवढी मागणी या घरात कधी नव्हती.

मला काय समजत नाही?

२४ सप्टेंबर, बुधवार

आज स्वप्नात संत्र्याची पेटी. लाकडाची, आम्ही पूर्वी भरत असू तशी. एक थर फळं, एक थर गवत, पुन्हा फळं. नवीन आलेल्या बाया गवत जास्त टाकत अन् मी ओरडत असे, गवत विकता की फळ? तर स्वप्नात मी पेटीत आडवी पडले होते अन् वरून कोणी अलगद संत्री ठेवत होतं. जड नव्हती. थंडगार होती. वास असा की पोटात गेला. गाडी हलली, पेटी हलली, फळाला फळ लागलं नाही.

उठले तेव्हा ऊन परसात उतरलं होतं अन् डबा घुं घुं करत होता.

ठरवलं. रामाकोन्याला माझी लेक शीतल आहे. ती दर राखीला म्हणते ये, मी दर राखीला म्हणते पाहू. आता पाहते. मधलं निघालं की समोरचं वाढेल. चौकटीला दार लावा, डबा आत ठेवा, कारल्याला दाखवा. पोरीचं काम राहील.

यात रडण्यासारखं काही नाही. कूलर हिवाळ्यात हलवतोच ना.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं, हवापालट करून येते. करुणा म्हणाली, "असं एकाएकी आत्याबाई? काही चुकलं का?"

"चुकायले काय, तू रोजच चुकतं. त्याच्यासाठी कोणी गाव सोडत नाई."

"दसऱ्याले दीक्षाभूमीले जायचं होतं आपल्याले सगळ्याइले."

"मी लय वेळा गेलो. तुम्ही जा."

मोनालीला फार समजावलं नाही. ती विचारत बसते. खाट उभी करून भिंतीला लावली, तुरीचं पोतं माळ्याच्या जिन्याखाली सरकवायला अंकुशला सांगितलं. तो म्हणे, "माय, हे कायले?" म्हटलं, "असंच." त्यालाही समजू दे कसं वाटते.

स्टेशनवर सोडायला तोच आला. गाडीत बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली. गाडी हलली तरी उभाच. टाकीवर पाणी सोडायची वेळ झाली होती त्याची. गावाला उशिरा मिळालं असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

रामाकोना. शीतलचा नवरा राहुल दुसऱ्याची बाग राखतो. बागेतच घर. मला ओसरीवर पलंग दिला आहे, गादी इतकी मऊ की माणूस सापडत नाही. जेवण वेळेवर. चहा इतका गरम की जीभ भाजली. नाव ठेवायला जागाच नाही, त्यामुळे दिवस मोठा वाटतो.

चारी बाजूला झाडं. फळं अजून हिरवी-पिवळी, रंग चढून राहिला आहे. सकाळी धुकं येते तेव्हा झाडं दिसत नाहीत, नुसती फळं हवेत टांगलेली दिसतात. मी पाहत बसते. निवडायचं नाही, मोजायचं नाही, कोणावर ओरडायचं नाही. नुसतं पाहायचं. असं पाहायची मला सवय नाही.

इथं घरघर नाही. झोप लागायला वेळ जाते.

३० सप्टेंबर, मंगळवार

हात बिघडला. अक्षर पाहा, मुंग्यांची वरात.

सकाळी जाग आली की उठून डावीकडे वळते. घरी डावीकडे बाहेर पडायची वाट आहे. इथं भिंत. रोज कपाळ आपटायचं वाचते. शीतलनं पाहिलं, म्हणे, "आई, पलंग फिरवून देऊ का?" म्हटलं, "भिंत फिरव."

मोनालीचा फोन आला होता. मशीन वाढली म्हणे. मी म्हटलं बरं झालं. ती म्हणाली, "आजी, कधी येतं?" मी म्हटलं, इथं रेंज नाई. रेंज चांगली होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज दीक्षाभूमी. शीतल, राहुल पहाटेच नागपूरला गेले, पांढरे कपडे घालून. मी एकटी बागेत.

पांढरं लुगडं मीही नेसले. ओसरीवर बसून वंदना म्हटली. आवाज झाडांत गेला अन् परत नाही आला. दुपारी वारं पडलं. सगळी झाडं पांढऱ्या कपड्यातल्या माणसांसारखी वाटू लागली, रांगेनं उभी, एकही पुढं घुसत नाही. आमच्या माणसांना अशी शिस्त कधी येणार? सुखदेव त्या रांगेत होता. हात जोडून. मी म्हटलं, घरी कोण आहे मालूम आहे का? तो म्हणाला, मधली खोली. मी म्हटलं, ती काढली. तो हसला, जसा त्याला सगळं आधीच सांगितलेलं असावं तसा. या माणसाला मेल्यावरही घरातल्या बातम्या माझ्याआधी मिळतात.

डोळे उघडले तर झाडंच होती. मांडीवर एक पान पडलं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

मोनाली आली. सौसरहून स्कूटीवर, एकटी, केसांत धूळ. गाडी लावायच्या आधीच म्हणते, "आजी, चाल घरी."

"आधी पाणी पे. हे काय थोबाड केलं? गिरणीतून आली का?"

पाणी प्याली. पलंगावर माझ्याजवळ बसली. मी विचारलं, "जागा झाली ना तुले?"

"मशीनले झाली. पण मधात मोठा लोचा झाला." मग तिनं सांगितलं ते जसं समजलं तसं लिहिते.

तिनं आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली. मग तो मधला चौकोन काढला, मोठा भाग मागच्या मोकळ्या जागेत वाढवला, सगळं नीट झालं. मंगळवारी तो भूपेंद्र पाहायला आला. त्याच्यासमोर मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. अन् ती उठेचना.

"बंद पडली?"

"नाई. थांबली. पडद्यावर लाल चांदण्या येतात आजी, दोन-तीन. त्या इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत राहिल्या. अन् खाली लिहून आलं की ती वाट पाहून राहिली."

"कोणाची?"

"जुन्या स्वॅपची. मी त्याले तिथून काढलं, पण एका ठिकाणी त्याचं जुनंच नाव लिहिलेलं राहिलं होतं. मशीन उठली की पहिले ते नाव वाचते अन् त्याले शोधते. तो तिथं नाई. तरी उभीच."

"कितीक वेळ?"

"तू पानाचा विडा लावतं ना, तितका. सर घड्याळ पाहत होते."

"मग?"

"मग थकली अन् पुढं गेली. सुरू झाली, चांगली चालली. सर म्हणे, हे रोज असंच होणार का? मी म्हटलं, उद्यापासून नाई. नवीन नाव लिहून टाकलं. आता सरळ उठते."

"शहाणी आहे. वाट पाहण्यात काय ठेवलं आहे."

मोनालीनं केसांतली धूळ झटकली. मग म्हणाली, "आई रोज सकाळी चहा घेऊन मधल्या खोलीत जाते. तिथं जाऊन उभी राहते अन् परत येते."

"तुझ्या मायचं लक्ष पहिलेपासूनच ठिकाणावर नसते."

"बाबा तिले काही म्हणत नाईत. तो चहा बाबा पितात. त्यांचा दुसरा चहा होते रोज."

बागेत कोणीतरी फांदीला टेकू लावत होतं, बांबूचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "तू त्या दिवशी पुरं ऐकलंच नाई. मी म्हटलं होतं, मधलं काढाचं, मोठी वाढवाची, अन् मग मधलं शेवटी पुन्हा बनवाचं. शेवटचं तू ऐकलं नाई."

"तुले कोणी सांगतलं मी कायले आलो ते?"

"खाट उभी करून ठेवली तू. आम्ही काय आंधळे आहो का?"

"अन् नाई बनवलं शेवटी तर? चालत नाई का तुझी मशीन?"

"चालते. पण जास्तीचं ओझं आलं की एकदम बसते. धापही टाकत नाई."

"मी काही तुझी मशीन नाई."

"नाई. मशीनले सांगतलं तर ते ऐकते."

हे तोंड हिनं कोणाकडून घेतलं ते मला ठाऊक आहे. शीतलनं पिशवी भरली. उद्या राहुल गाडीत बसवून देणार. स्कूटीवर मी बसणार नाही, सांगून टाकलं. मरायचं तर सरळ मरावं, लटकत कायले?

७ ऑक्टोबर, मंगळवार

घरी. काल संध्याकाळी आले, आज लिहिते. आज पौर्णिमा, विहारात खीर आहे, गल्लीभर दुधाचा वास.

स्टेशनवरून अंकुशनं आणलं. घरात शिरताना मी मधल्या खोलीकडे वळले, तर तिथं दार. नवं, बंद. आतून घुं घुं. अंकुश म्हणाला, "माय, पुढं चाल."

पुढं म्हणजे परस. परसात खोली उभी. विटांची भिंत, वर टिन, प्लास्टर अजून ओलं, हात लावला तर गार. दार झाडाकडे उघडते. माझी खाट आत, आडवी, नेहमीच्या चादरीसकट. अन् खाटेच्या बाजूला भिंतीत लोखंडी दांडा, धरून उठायला. डाव्या हाताला.

"हे कधी?"

"तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी विटा आल्या. सांगून ठेवल्या होत्या पहिलेच."

"तो टेप?"

"हाव."

"तोंड नव्हतं का तुले? शब्द सांगता येत नव्हता?"

"विचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं, माय. म्हणून बांधून मग विचारणार होतो."

एवढी अक्कल याला असती तर टाकीवर साहेब झाला असता. टिन एका बाजूला उंच ठेवलं आहे, पाणी झाडाच्या मुळाशी जाईल असं. ते बरोबर केलं. पण दार आतून लावायचा आडणा उलटा बसवला आहे. ते सांगून टाकलं. काहीतरी सांगितल्याशिवाय कसं राहू?

झोपले तर डोळ्यांपुढं झाड. चंद्र त्याच्यातून खाली उतरला अन् ओल्या भिंतीवर फांद्या हलू लागल्या. अशी सावली मी मधल्या खोलीत कधी पाहिली नव्हती. तिथं सावलीला यायला जागाच नव्हती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

भूपेंद्र आला. मधली खोली पाहिली, आत दोन पावलं गेला, डब्यावर हात ठेवला, गरम आहे का ते पाहिलं. मोनालीनं मशीन बंद केली, सुरू केली. सगळे पडद्याकडे. मीही दारात. चांदण्या आल्या नाहीत. ओळी आल्या अन् सरसर वर गेल्या.

"ठीक आहे," तो म्हणाला. "हा सीझन मॅडमकडेच. मीटिंगमध्ये मी बोलतो." मग मला म्हणाला, "आजी, तुमची खोली गेली."

म्हटलं, "गेली नाई. सरकली. तुमच्या डब्याले सांगा, मी त्याच्या मागंच आहो."

आज तो हसला. हसल्यावर कारलं इतकं कडू नाही.

मोनालीनं केतकीला फोन करून काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. परसात येऊन माझ्या खाटेवर आडवी पडली अन् झोपून गेली. दुपारभर. मला बसायला जागा ठेवली नाही. मी झाडाखाली खुर्ची टाकली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

माल सुरू झाला. पांढुर्ण्याच्या गाड्यांचे फोटो पडद्यावर एकामागून एक येऊन राहिले, नारिंगी, नारिंगी, नारिंगी. मोनाली म्हणते, अजून भल्ली जागा आहे. हात बरा आहे. आज एका पानात सहा ओळी बसल्या.

सकाळचं लिहायचं राहिलं.

मी उठून बसले होते, दांडा धरून. समोर सैपाकातून करुणाची पावलं निघाली, धावती, नेहमीसारखी. मधल्या खोलीच्या दारापाशी आली अन् थांबली. कडी वाजली. आत डब्याची घरघर मोठी झाली, जसं दार उघडल्यावर होते. मग काहीच नाही. पावलं नाहीत, आवाज नाही. झाडावरून एक पक्षी उडाला, दुसरा येऊन बसला. ओल्या भिंतीचा वास, डब्याचा घुं घुं, अन् दाराशी उभी असलेली, मला न दिसणारी सून. मी हाक मारू शकले असते. नाही मारली.

मग दार लागलं. पावलं वळली. ती माझ्या दारात आली, हातात कप, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं.

"आज उशीर झाला आत्याबाई."

"मालूम आहे."

चहावर साय धरली होती. बशीला हात लावला, कोमट. मोरी या खोलीपासून दोन पावलांवर आहे, आधीपेक्षा जवळ.

प्याले.